पंचाचा कान

माझा डावा कान चार हजार हर्ट्झच्या वर आता फारसं काही ऐकत नाही. उजवा जरा बरा, पण तोही त्याच वाटेला लागलेला. बंद खोलीत बसवून, हेडफोन चढवून, हातात बटण देऊन तपासणी झाली आणि कागदावर एक रेघ उमटली. सुरुवातीला सपाट, पुढे घसरत गेलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वयानं होतं काका. बोललेलं समजतं ना? मग काय!" समजतं. अकोल्याच्या जठारपेठेत हळू बोलायची पद्धतच नाही, त्यामुळे घरच्यांच्या अजून लक्षातही आलेलं नाही. पण मी कान जपले ते बोलणं ऐकायला नव्हे. सहा मिलिमीटरची, पाव ग्रॅमची प्लास्टिकची गोळी माणसाला लागली की झाडाच्या पानाला, हे मी कानानं ओळखत असे. तो आवाज नेमका त्या घसरलेल्या रेघेवर येतो.

इंग्लंडच्या दक्षिण भागात पोटासाठी एका गोदामाचे हिशेब सांभाळले आणि शनिवार-रविवार एअरसॉफ्टच्या मैदानावर पंचगिरी केली. पंचाला तिकडे मार्शल म्हणतात. अंगात चमकदार जाकीट, गळ्यात शिट्टी, कमरेला वॉकीटॉकी, आणि चेस्टनटच्या रानात दिवसभर पायपीट. मजुरी विचारू नका. दुपारचा बर्गर फुकट असे. अकोल्यात मी हे काम करतो असं सांगितलं की लोक आधी बंदूक विचारत, मग पगार, आणि मग विषय बदलत.

खेळ सोपा आहे. दोन तुकड्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका, झेंडा घ्यायचा किंवा मोर्चा राखायचा. गोळी लागली की हात वर करून ओरडायचं, खिशातलं लाल फडकं डोक्यावर धरायचं आणि बाजूला व्हायचं. सत्तरच्या दशकात जपानमध्ये ह्याची सुरुवात झाली. तिथे सामान्य माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही, म्हणून हौसेला हा मार्ग काढला. हौस वाढली तसा कायदाही मागून आला. २००६ नंतर जपानात ०.९८ ज्यूलची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये २०१७ च्या कायद्यानं सलग गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीला १.३ आणि एकेक झाडणारीला २.५ ज्यूल ठरवून दिले. आमचं मैदान त्याहून कडक होतं. सकाळी वेगमापकावर सेकंदाला साडेतीनशे फुटांच्या वर गेलेली बंदूक गाडीच्या डिकीत परत जायची. बंदुकीचा मालक ओळखीचा असला तर आणखी लवकर, कारण ओळखीची माणसंच जास्त हुशारी करतात.

हे सगळं मोजता येतं. न मोजता येणारी गोष्ट एकच, आणि मी आयुष्यभर तिच्याभोवती फिरलो. गोळी लागली की नाही?

एअरसॉफ्टची गोळी खूण सोडत नाही. पेंटबॉलमध्ये रंग फुटतो, वादच मिटतो. तो खेळही जन्मला वेगळ्याच कामातून. जंगलात कापायच्या झाडांवर आणि गुरांवर खूण करायला रंगाच्या गोळ्या झाडणारं पिस्तूल होतं, ते घेऊन २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावच्या रानात बारा जण एकमेकांच्या मागे लागले. जिंकला कोण, तर जंगलातच काम करणारा एक माणूस. त्यानं सगळे झेंडे गोळा केले आणि दिवसभरात एकदाही पिस्तूल चालवलं नाही. मला ही गोष्ट फार आवडते. पेंटबॉलवाल्यांना सांगून पाहा, त्यांना तितकी आवडत नाही.

आमच्याकडे पुरावा नाही. ज्याला लागली तोच साक्षीदार, तोच आरोपी आणि तोच न्यायाधीश. त्याला खोटं बोलायचं नसलं तरी नीट कळलेलं असेलच असं नाही. जानेवारीत अंगावर तीन थर कपडे, वर काडतुसांच्या खिशांचा पट्टा, धावून धाप लागलेली, कानात स्वतःच्याच श्वासाचा आवाज. पन्नास मीटरवरून येईतो गोळीची ताकद निम्म्याहून कमी झालेली. अशा वेळी खांद्यामागच्या खिशाला लागलेली गोळी त्याला जाणवतच नाही. लबाड म्हणून ज्यांची बोंब होते त्यांतले बहुतेक लबाड नसतात, गाफील असतात. झाडणाऱ्याला हे कधीही पटत नाही. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पांढरी गोळी जाताना पाहिलेली असते. ती शेवटच्या दोन हातांवर फांदीला घासून वळली हे त्याला तिथून दिसत नाही. दोघंही खरं बोलतात आणि दोघंही लालेलाल होतात. मधे मी.

म्हणून मी कान लावायला शिकलो. कुणी शिकवलं नाही. तिथले बाकीचे पंच डोळ्यांवर चालायचे आणि दर अर्ध्या तासाला कुणाशी तरी भांडायचे. मी झाडणाऱ्याच्या आणि लक्ष्याच्या मधे उभा न राहता लक्ष्याच्या बाजूला, पाच-सात पावलांवर, झाडाला पाठ टेकून उभा राहायचो. बंदुकीचा खटका वाजला की मनात मोजायचं. जवळची असेल तर आवाज लगोलग, लांबची असेल तर एक श्वास थांबून. पन्नास मीटर कापायला गोळीला एखादा सेकंद लागतो, वारा समोरून असला तर थोडा जास्तच. त्या एका सेकंदानंतर जो आवाज येतो तो खरा. नायलॉनच्या खिशावर ठप्प, आणि आत काडतूसपेटी असेल तर त्यात एक कोरडी किनार. हेल्मेटवर टक्क. बुटावर जवळजवळ काहीच नाही. बंदुकीच्या नळीवर किंवा दस्त्यावर लागली तर आवाज मोठा, पण तो मरण नव्हे, निदान आमच्या मैदानाच्या नियमात. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीवर लागली तर भरलेली असताना वेगळा आणि दुपारनंतर वेगळा. आणि पानं. ओलं पान गोळी गिळून टाकतं, वाळलेलं पान नायलॉनची नक्कल करतं. ऑक्टोबरात ही नक्कल इतकी हुबेहूब असते की तो सगळा महिना मी निकाल देताना सावध असायचो.

आई सूप घोळवताना न पाहता सांगायची की ह्यात खडा आहे. दाण्यांत खडा वेगळा वाजतो. कदाचित तिकडूनच आलं असेल मला.

आता गर्वाचं बोलतो, कारण ते लपवून ठेवण्यासारखं राहिलेलं नाही. मला ह्या कानाचा भयंकर अभिमान होता. दोन दांडगे गोरे गडी एकमेकांच्या छातीला छाती लावून ओरडत असत आणि मी मधे जाऊन हात वर केला की दोघं गप्प. मग मी डोळे मिटायचो. निकाल मनात आधीच लागलेला असायचा, डोळे मिटायची काहीएक गरज नसायची. तरी मिटायचो. दोन क्षण जाऊ द्यायचो. मग डोळे उघडून शांतपणे सांगायचो, "डावा खांदा, मागची बाजू." तो माणूस खांद्याकडे बघायचा, जणू तिथे काही दिसणार होतं, आणि फडकं काढायचा. ते दोन क्षण हीच माझी मजुरी. नवीन आलेल्या पोरांना जुने लोक माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी कुजबुजायचे तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघायचो आणि कान मात्र तिकडेच ठेवायचो. तेव्हा कुजबूजसुद्धा ऐकू यायची.

शेवटच्या काही वर्षांत बंदुकीवर कॅमेरा लावणाऱ्यांची जात आली. दुर्बिणीच्या मागे कॅमेरा, घरी जाऊन चित्रफीत हळू करायची, गोळी कुणाच्या पाठीला लागली आणि तो तरी कसा पळत राहिला हे गोल करून, बाण काढून जगाला दाखवायचं. खाली शिव्यांचा पाऊस. मला ह्या लोकांचा राग येतो. खेळ संपल्यावर निकाल लावणाऱ्याला खेळ कळत नाही. दुसरी जात कॉम्प्रेस्ड हवेवर चालणाऱ्या बंदुका घेऊन, गुडघ्यांवर पॅड बांधून नाचत येणाऱ्यांची. समोरचा मान्य करीपर्यंत गोळ्या ओतायच्या. "तो सांगत नाही म्हणून मी झाडतो" आणि "तो झाडतच राहतो म्हणून मी चिडून सांगत नाही." ह्या दोन वाक्यांवर कितीतरी मैदानांचं वातावरण नासलं. आणि मॉलमधला लेझर टॅग? तिथे छातीवरची पेटीच बोंबलते, माणसाला तोंड उघडायची गरज नाही. वाढदिवसाला ठीक आहे.

पूर्वी सगळे सत्यवादी होते असं मी म्हणणार नाही. लहानपणी आम्ही आट्यापाट्या खेळायचो, आणि सूरपाटीवरच्या गड्याचा हात पाठीला लागला की नाही ह्यावरून जितकं भांडलो तितकं पुढे इस्टेटीवरूनही भांडलो नाही. एका उन्हाळ्यात मला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या शिबिराला पाठवलं होतं. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी काढलेलं मंडळ. १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं पथक बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलेलं. आम्हाला त्याचं अप्रूप भारी. शिबिरातले एक गुरुजी वाद सुरू झाला की दोघांनाही मैदानाबाहेर काढायचे. निकाल द्यायचेच नाहीत. आम्हाला तो अन्याय वाटायचा. आता वाटतं, त्यांनाही दिसलेलं नसायचं.

क्रिकेटवाले मात्र ह्या बाबतीत भाग्यवान. त्यांच्याकडे दाखवायला उदाहरण आहे. १९८० चा फेब्रुवारी, वानखेडे, सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत गेलेले. बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं, तो खेळपट्टीवरच घुटमळला, आणि आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ स्लिपमधून पुढे येऊन म्हणाला, बॅटला लागलेला नाही, परत बोलवा. टेलर आणि बोथम यांनी मग १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. लोक ही गोष्ट सज्जनपणाची म्हणून सांगतात. मी ती कानाची म्हणून ऐकतो. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या माणसाला बॅटची कड आणि पॅडचा घासा ह्यातला फरक ऐकू आला, पंचाला आला नाही, आणि ज्याला आला त्यानं सांगितलं. विश्वनाथचे कान तेव्हा एकतीस वर्षांचे होते.

तर मी परत आलो. घराच्या वाटण्या, वडिलांच्या माघारी राहिलेली कामं, गुडघे, सगळंच. जठारपेठेत येऊन बघतो तर गल्लीतली पोरं जेलच्या बंदुका घेऊन गच्च्यांवरून एकमेकांवर मारा करताहेत. साबुदाण्याएवढे मणी रात्री पाण्यात टाकायचे, सकाळपर्यंत ते फुगून सात-आठ मिलिमीटरचे होतात, आणि बॅटरीवरची बंदूक ते फेकते. खेळणं म्हणून विकतात. पोरांच्या डोळ्यांवर काय, तर काहींच्या लग्नातले गॉगल, बाकीच्यांच्या काहीच नाही. माझा जीव वर-खाली. मी गच्चीवर जाऊन ओरडलो. त्यावर माझी भाची म्हणाली, "मामा, ओरडता काहून? तिकडं काय करत होते तुम्ही, थे इकडं करा ना." ती कॉलेजच्या कबड्डी संघात कोपरारक्षक आहे आणि नाही ऐकायची तिला सवय नाही.

करायचं तर जागा हवी. शहरात नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. खरी दिसणारी बंदूक जठारपेठ चौकातून हातात मिरवत नेली तर कुणाचं तरी काळीज थांबेल किंवा कुणीतरी शंभर नंबर फिरवेल, आणि दोन्ही बरोबरच. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २००७ पासून हुबेहूब बंदूक विकत घ्यायला तुम्ही खरोखर खेळता हे दाखवावं लागतं. निदान ५६ दिवसांच्या काळात तीनदा मैदानावर आल्याची नोंद हवी. नाहीतर अर्ध्याहून जास्त भडक निळी-हिरवी रंगवलेली घ्या. मला तो नियम तेव्हा चिल्लर वाटायचा. इथे आल्यावर पोरांच्या सगळ्या बंदुकांच्या तोंडाला मी स्वतः नारिंगी पट्टी चिकटवली. जाताना पोत्यात, येताना पोत्यात, शेतात गेल्यावर बाहेर. एकानं विचारलं, घरी वांदरं हाकलायला छऱ्र्याची बंदूक आहे, आणू का? त्याला मी सगळ्यांसमोर उभं केलं. इकडे .१७७ ची, वीस ज्यूलपर्यंतची छऱ्र्याची बंदूक विनापरवाना घेता येते. आमच्या तिकडच्या गोळीला ज्यूलभराहून जरा जास्तच. कपड्यावरून परतणाऱ्या गोळीत आणि चामडी फोडून आत जाणाऱ्या छऱ्र्यात एवढं अंतर आहे. ती बंदूक शेताच्या धुऱ्यापर्यंतसुद्धा येता कामा नये.

शेत मिळालं अकोट रस्त्याला, खारपाणपट्ट्यात, एका नातेवाइकाचं. कापूस आणि तूर निघून गेलेली. तिकडे इंग्लंडात मैदान तपासायचं म्हणजे पडलेली फांदी, ससाण्याचं घरटं, एखादी वाकलेली काटेरी तार. इथे मी पहाटे काठी घेऊन निघालो आणि दोन तास लागले. काळ्या मातीला एप्रिलात पडलेल्या भेगा, पाऊल घोट्यापर्यंत आत जाईल अशा. पळणाऱ्या पोराचा घोटा मोडायला एक पुरे. पऱ्हाटीची धसकटं तिरकी कापलेली, टोकं वर. तुरीची त्याहून वाईट. पंपाची वायर जमिनीवरून गेलेली, मधे जोड, जोडावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. कोपऱ्यात खाऱ्या पाण्याची म्हणून सोडून दिलेली विहीर, कठडा नाही, तोंडावर बाभळीच्या काट्या. आणि शेततळं. मला सगळ्यात भीती त्याची वाटली. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला, बाजू उतरत्या, पाणी कमी. त्यात पडलेल्या माणसाला कुठे धरता येत नाही, कागद घसरतो, पोहता येणारासुद्धा बाहेर निघत नाही. वऱ्हाडात अशी किती पोरं गेली ती बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो.

तळ्याच्या आणि विहिरीच्या बाजूचा पूर्ण तुकडा दोरी बांधून बाद केला. तळ्यात दोन ठिकाणी गाठी मारलेले दोर सोडले, ते खुंट्यांना पक्के केले, आणि माझ्या वजनानं ओढून पाहिले. वायरीचा पट्टाही बाद. उरलेल्या भागातली धसकटं पोरांनाच उपटायला लावली. त्यांना वाटलं होतं, आल्या आल्या लढाई. एकानं तोंडावर सांगितलं, "हे तं मजुरी झाली ना मामा." झालीच. चष्मे वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणले. डोळ्याभोवती घट्ट बसणारे तेवढेच निवडले, एकेक खांबाला बांधून हातभरावरून बंदूक चालवली आणि मगच वाटले. फुगलेल्या मण्यांची बादली झाकणाची, आणि ती शेळ्या-लेकरांच्या आवाक्याबाहेर. पोटात गेलेला कोरडा मणी आतडीत फुगतो. ह्याची कुणाला कल्पनाच नव्हती. घरी लहान भावंडांपुढे वाट्या भरून ठेवलेल्या.

खेळ सकाळी साडेसहाला सुरू, साडेनऊला काहीही झालं तरी बंद. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. घट्ट चष्मा आणि लांब बाह्या घालून दहा वाजता धावणारं पोर चक्कर येऊन पडलं तर त्याला गोळी लागली की ऊन, हे तपासत बसावं लागेल.

आणि मग तो जुना प्रश्न, इथे नव्या रूपात. जेलचा मणी लागला की फुटतो आणि ओला ठिपका सोडतो. म्हणजे पुरावा आहे! पहिल्या सकाळी मी खूश होतो. साडेसात वाजेपर्यंत खरंच सोपं गेलं. मग ऊन चढलं आणि ठिपका दिसता दिसता वाळू लागला.

"लागली ना बे तुले, म्या पाह्यली!"

"कुठी लागली? दाखव ओलं."

"वाळली अशीन मंग!"

"हाव, तुह्या सोयीनं वाळते थे."

सगळे माझ्याकडे वळले. मी सवयीनं हात वर केला. सवयीनं डोळे मिटले. आणि आत काहीच नव्हतं. मला ती लागलेली ऐकूच आली नव्हती. जेलचा आवाज तसाही बसका, कापडावर पच्च करून विरणारा. त्यात बंदुकांच्या मोटारींची घरघर, तुराट्यांवर पाय पडल्याची कडकड. पण कान तोच असता तर मी शिकलो असतो, दोन रविवारांत शिकलो असतो. मी डोळे मिटून उभा होतो आणि त्या दोन क्षणांचे चार झाले, पाच झाले.

"थो मेला," भाची म्हणाली. दहा पावलांवरून. "जाय बे बाहेर." तो गेलाही. कुरकुरला नाही, मान खाली घालून गेला, म्हणजे त्याला माहीत होतं.

मी नंतर तिला बाजूला घेऊन विचारलं, कसं कळलं. तिनं जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कुणाकडून ऐकलेलं नव्हतं. "मामा, तुम्ही अंगाकडं काहून पाह्यता? पायाकडं पाहा ना." ती म्हणाली, चढाईवाला कबड्डीत खोटं बोलतो ते खांद्यानं, डोळ्यांनी, हातानं. पायानं नाही बोलता येत. लागल्यावर माणूस अर्धं पाऊल थांबतो. ज्याला खोटं बोलायचं असतं तोसुद्धा आधी थांबतो, मग पळतो. आणि ज्याला खरंच जाणवलेलं नसतं त्याचा पाय थांबतच नाही. त्याला मी सोडून देते, असंही म्हणाली.

हे शेवटचं मला टोचलं. लबाड आणि गाफील ह्यातला फरक माझ्या कानाला कधी करता आला नव्हता. मी दोघांनाही सारखंच मारत आलो, आणि त्याला न्याय म्हणत आलो. तिला अजून वीस पूर्ण नाहीत.

मी पायांकडे पाहायला लागलो. चार-पाच रविवार पाहिले. पाय दिसतात, धूळ दिसते, थांबलेलं काही दिसत नाही. तिला विचारलं की ती म्हणते, "आत्ता थांबला ना, नाही पाह्यलं?" मी हो म्हणतो.

मधे कानाचं यंत्रही लावून पाहिलं. दवाखान्यातल्या बाईंनी उधारीवर आठवड्यासाठी दिलं होतं. घरात त्याचा एवढाच उपयोग झाला की शेजारच्या कुकरची शिट्टी डोक्यात घुसू लागली. शेतात नेलं तर वारा आधी ऐकू येतो, मग तुराट्या, मग स्वतःच्याच कॉलरचा घासा. सगळं मोठं झालं आणि सगळं एका जागेवरून येऊ लागलं, डावं-उजवं गेलं. मला आवाज मोठा नकोच होता. तो कुठून आला तेवढं हवं होतं. यंत्र परत केलं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून राजराजेश्वराला पूर्णेचं पाणी घेऊन येणाऱ्या कावडींपुढे तरुणपणी ढोलाला कान लावून नाचलो, त्याचंही काही देणं माझ्या ह्या कानांत असेल. बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, अर्ध्या अकोल्याची हीच केस आहे.

मग भाचीनंच तोडगा काढला. "मामा, तुम्ही यंत्रावर बसा. सावली आहे तिथं." यंत्र म्हणजे मी तिकडून आणलेला वेगमापक. लिंबाच्या झाडाखाली टेबल, टेबलावर तो, समोर खुर्ची. सावलीचा उल्लेख तिनं काळजीनं केला असेल. मला तो आवडला नाही. मैदान तपासण्याचं काम मात्र मी सोडलं नाही आणि सोडणारही नाही. तळ्यातले दोर तिनं ओढून पाहिले तरी मी पुन्हा ओढतो. ह्यावरून आमची दर रविवारी पहाटे शाब्दिक होते.

टेबलावर बसल्यावर कळलं की पोरंही तिकडच्यासारखीच हुशार. जेलच्या बंदुकीला ७.४ व्होल्टची बॅटरी येते. ती काढून ११.१ ची घालायची, बाहेरून काही कळत नाही, सेकंदाला सुटणाऱ्या गोळ्या जवळजवळ दीडपट होतात. गेल्या रविवारी एक पोरगा बंदूक टेबलावर ठेवायच्या आधी जरा लांब जाऊन हवेत एक झटका मारून बघत होता. मोटारीची ती घरघर बरीच खालच्या पट्टीतली, माझ्या रेघेच्या सपाट भागातली. तिचा सूर चढलेला होता, एका स्वरानं नव्हे, चांगला तीन-चार स्वरांनी. मी खुर्चीतून न उठता म्हणालो, "अकराची काढ, साताची घाल." तो पोरगा जागच्या जागी उभा राहिला. त्याचा पाय थांबला तो मात्र मला दिसला.

सेकंदाला किती गोळ्या, तो वेगमापकावरचा आकडा नंतर आला आणि माझ्या बाजूनं आला. त्याची बॅटरी ठेवून घेतली, माझ्याकडची दिली आणि खेळायला पाठवलं. ही गोष्ट मी भाचीला सांगितली, तिच्या आईला सांगितली, आणि संध्याकाळी सातव चौकात चहा पिताना ज्यांना ह्या खेळाशी काहीएक देणंघेणं नाही त्या तिघांना सांगितली. त्यांतल्या एकानं विचारलं, "पण तुम्हाला तर ऐकू येत नाही ना आता?" त्याला मी म्हणालो, जरा मोठ्यानं बोला.